गल्लीच्या दिव्याचं बटण

सिद्धोधन शिडीवर चढला तेव्हा भुजंगाकडे एकच काम होतं. त्याच्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर गल्लीच्या दिव्यांचं बटण होतं, त्याला कुणाचा हात लागू द्यायचा नाही. हात लागला तर सिद्धोधन वरच्या वर जाईल, इतकी सरळ गोष्ट होती.

चढायच्या आधी सिद्धोधन स्वतः येऊन बटण बंद करून गेला होता.

"काका, हे बंद हाय तवर दिव्याच्या तारेत करंट न्हाई. हे चालू झालं की मी मेलो. कळलं ना?"

"अरे, रेल्वेत जन्म गेला माझा," भुजंग म्हणाला. "लाल झेंडी घेऊन उभा ऱ्हायलेला माणूस हाय मी. आमचे गडी रुळावर कामाला वाकले की मी झेंडी घेऊन उभा."

"मंग आज बी झेंडी सोडू नका." सिद्धोधन हसला. मग जाता जाता थांबून त्यानं विचारलं, "अजून कुठून येतो का हो करंट ह्या तारेत? दुसरं बटण, एखादा आकडा?"

"काही न्हाई. एकच बटण हाय. चांगुणाचं."

चांगुणा म्हणजे भुजंगाची बायको. उन्हाळा संपता संपता ती गेली. ताप काय आला, परभणीला काय नेलं, आणि तिथून काय आणलं ते सगळ्या गल्लीनं पाहिलं होतं. आता दिवाळी होऊन गेली होती. भुजंग पूर्णा ते चुडावा ह्या पट्ट्यात गँगमन म्हणून राबून रिटायर झालेला माणूस. घरात मूलबाळ नव्हतं. बायको गेल्यावर त्याच्या दिवसाला धरून ठेवणारी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे संध्याकाळी हे बटण लावायचं आणि सकाळी बंद करायचं.

गल्लीत खांबावर दिवे आले तेव्हा ग्रामपंचायतीनं बटण कुठंतरी लावायचं म्हणून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या भुजंगाच्या भिंतीवर लावलं. तेव्हापासून दिवा लावणं चांगुणाकडं आलं. गाईम्हशी परत आल्या, आकाश लाल झालं की ती पदराला हात पुसत बाहेर यायची आणि बटण दाबायची. तिनं दिवा लावला की गल्लीतल्या बायका चुली पेटवायच्या. कुणी तिला हे काम दिलं नव्हतं, कुणी त्याबद्दल कधी काही बोललंही नाही.

आता पंचायतीनं सगळ्या गावात एलईडी दिवे लावायला घेतले होते. वीजबिल कमी येणार, उजेड जास्त पडणार. उद्या रोहित्राजवळ एक डबा बसणार होता, त्यात घड्याळ. दिवे आपोआप लागणार, आपोआप विझणार. गल्लीतलं बटण काढून टाकणार. भुजंगाला हे कळलं तेव्हा तो काही बोलला नाही. बोलून काय करणार? उजेड नको असं थोडंच कुणी म्हणतं?

ह्या गल्लीत पाच खांब. सकाळी महावितरणचा लाईनमन येऊन लाईन बंद करून गेला आणि सिद्धोधननं चार खांबांवरचे पिवळे दिवे काढून पांढरे चढवले. पाचवा राहिला. तो बन्सीधरच्या पिठाच्या गिरणीसमोरचा. तोपर्यंत लोक ओरडायला लागले. गिरणीवर दळणाचे डबे साचले होते, नळाला पाणी नव्हतं. लाईनमननं लाईन चालू केली, "ऱ्हायलेला खांब उद्या करा" म्हणून सांगितलं आणि चुडाव्याकडं तार तुटली होती तिकडं गाडी काढली.

पण कंत्राटदाराचा सुपरवायझर होता योगीराज. परभणीचा पोरगा, कानात सदा फोनची वायर. त्याला आजच्या आज पाचही दिव्यांचे फोटो पाठवायचे होते.

"वरच्या तारा चालू असल्या तरी त्या वर हायेत," तो सिद्धोधनला म्हणाला. "दिव्याची तार खाली, वेगळी. बटण बंद केलं की ती मेलेली. दहा मिनिटांचं तर काम हाय."

सिद्धोधननं वर पाहिलं, खाली पाहिलं. ह्याच गावचा, बुद्धनगरातला. घरी बायको होती, रोजंदारी होती. "काका बसणार असतील बटणापाशी तर चढतो," तो म्हणाला.

असं भुजंगाच्या गळ्यात ते काम आलं. तो बटणाखाली ओट्यावर बसला. तिथून गिरणीचा खांब दिसत नव्हता. गल्ली मध्ये वळत होती आणि खांब वळणापलीकडं होता. दिसत होती ती फक्त शिडीची सावली, तीही आता फिकी पडत चालली होती. गिरणी धडाधडा चालली होती. तिच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

गुरं परत आली. धूळ बसली. आकाश लाल झालं आणि भुजंगाचा उजवा हात आपोआप वर निघाला. त्याचं त्यालाच कळलं नाही. बोटं बटणाच्या जवळ गेली तेव्हा त्यानं हात झटक्यानं मागं घेतला आणि मांडीखाली दाबून धरला. म्हणजे सगळ्यात आधी राखण आपलीच करायला पाहिजे, असं त्याच्या मनात आलं.

तेवढ्यात शेजारची बायनाबाई आली. वय झालेलं, कमरेत वाकलेली, हातात दुधाचं भांडं. भुजंगाकडं न बघता ती भिंतीजवळ गेली आणि म्हणाली, "काय रे भुजंगा, झोपलास का? दिवा न्हाई लावला ते..." आणि बोलता बोलताच तिनं हात वर केला.

भुजंगानं तिचं मनगट धरलं. इतकं जोरात की भांड्यातलं दूध सांडलं.

"आगं माय! हात काय धरायलास!"

"आक्का, वर माणूस हाय. खांबावर. सिद्धोधन."

बायनाबाई घाबरली. मग दूध बघून चिडली. "मग सांगायचं न्हाई का आधी? चांगुणा असती तर दाखवलं असतं तुला, म्हातारीचा हात धरतोस ते."

"बस हितं. बोलू नको."

"बसते. पण बोलायला काय करंट लागतो का?" ती ओट्यावर टेकली. "कसले ते पांढरे दिवे. दुपारी लावून बघितले तर मला दातं काढायच्या दवाखान्यात बसल्यावाणी वाटलं. पिवळाच बरा होता. चांगुणाच्या हातचा."

अंधार उतरत होता. वळणापलीकडून सिद्धोधनचा काही आवाज येतो का म्हणून भुजंग कान देत होता, पण गिरणीशिवाय काही नाही. अजून झालं कसं नाही? दहा मिनिटं म्हणाला होता ना तो पोरगा?

"एक मात्र हाय," बायनाबाई म्हणाली. "चांगुणा गेली तरी ह्या गल्लीत अंधार झाला न्हाई. तिच्या तेराव्याला बी दिवा होता. तू बाजेवरून उठत नव्हतास, भाकर खात नव्हतास, पण दिवा सोडला न्हाईस."

भुजंगानं तिच्याकडं पाहिलं.

"मी कुठं लावला? तूच लावत होतीस ना आक्का?"

"मी? मी कशाला लावू? मला वाटलं तूच लावायलास."

"मी बाहेरच आलो न्हाई. तेरावं झाल्यावर बी किती दिवस आलो न्हाई."

"मग कुणी लावला? मी तर भाकर घेऊन तुझ्या दारातच बसलेली असायचे. ह्या बटणाला कुणी शिवलं न्हाई. अंधार पडायचा आणि जरा वेळानं दिवा लागायचा. आपोआप."

आपोआप दिवा लागत नाही. घड्याळाचा डबा तर उद्या बसणार आहे.

ह्या बटणाला कुणी शिवलं नसताना दिवा लागत होता. म्हणजे दिव्याच्या तारेत करंट दुसरीकडून येत होता. म्हणजे दुसरं बटण होतं. आणि ज्याच्या हातात ते होतं, तो माणूस काय करायचा? अंधार पडायची वाट बघायचा. भुजंगाच्या घरून दिवा लागला नाही की आपण लावायचा.

आत्ता अंधार पडला होता. आणि भुजंगाच्या घरून दिवा लागला नव्हता.

तो उभा राहिला. झेंडीवाला माणूस जागा सोडत नाही. सगळी नोकरी त्यानं हे पाळलं होतं, पाऊस असो नाहीतर ऊन. पण इथं बसून आता काय राखणार?

"आक्का, ह्या बटणाखाली बस. पाठ लावून बस. कुणी आलं तरी हात लावू द्यायचा न्हाई. माझा बाप आला तरी न्हाई."

"तुझा बाप कुठून येतो आता? अरे, पण झालं काय?"

तो धावत सुटला होता. गुडघे केव्हाचे गेलेले, नालीच्या कामासाठी गल्ली खणून ठेवलेली, वाटेत काळ्या मातीची ढेकळं. वळणावर तो धडपडला, भिंतीला हात लावून सावरला. समोर खांब. शिडीच्या वरच्या दांडीत पाय अडकवून सिद्धोधन उभा, दोन्ही हात तारेत. रबरी हातमोजे खिशात कोंबलेले. जाड मोज्यांनी बारीक जोड बसत नाही म्हणून सगळेच काढतात. खाली शिडी धरून योगीराज, फोनच्या उजेडात वर बघत.

"सिद्धोधन! सोड! तार सोड!"

गिरणीनं ते शब्द गिळून टाकले. सिद्धोधननं मान वळवली नाही.

"खाली उतरव त्याला!" भुजंगानं योगीराजचा खांदा हलवला.

योगीराजनं कानातली वायर काढली. "काका, तुमी बटण सोडून कामून आलात?"

"दुसरं बटण हाय! उतरव!"

"कुठं हाय? तुमीच तर म्हणालात एकच हाय. झालंच बघा, शेवटचा जोड."

"उतरव म्हणलो ना!"

"ओ काका, शिडी हलवू नका, पडंल ना तो!"

शिडी हलवून चालणार नव्हतं. समजावत बसायला वेळ नव्हता. दुसरं बटण शोधायला जावं तर कुठल्या घरात, हे माहीत नव्हतं. गिरणी बंद करायला आत जावं तर बन्सीधर दहा प्रश्न विचारणार. भुजंगानं खाली वाकून नालीच्या कडेचं एक ढेकूळ उचललं, वाळून दगड झालेलं, आणि होता नव्हता तेवढा जोर लावून सिद्धोधनच्या पाठीत घातलं.

ढेकूळ पाठीवर फुटलं. सिद्धोधन कळवळला. तार त्याच्या हातातून सुटली, दोन्ही हातांनी त्यानं शिडी धरली आणि मागं वळून त्यानं एक कचकचीत शिवी हासडली. "कोण हाय रे ते भडव्या..."

आणि गल्ली पांढरी झाली.

चारही नवे दिवे एकदम लागले. पाचव्या खांबावर सुटलेली तार दिवा बसवायच्या लोखंडी नळीला घासली, चर्र करून निळी ठिणगी उडाली, जळका वास आला. सिद्धोधनच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ते तारेचं टोक हलत होतं. तो शिवी अर्धी सोडून त्याच्याकडं बघत राहिला.

"हलू नको!" योगीराज किंचाळला. आता त्याच्या हातातली शिडी खरंच हलत होती. भुजंगानं शिडीची दुसरी बाजू धरली. गिरणीच्या दारात पीठ माखलेला बन्सीधर आला, त्यानं वर पाहिलं आणि आत पळत जाऊन गिरणी बंद केली. मग एकदम इतकी शांतता झाली की तारेची चरचर ऐकू यायला लागली.

त्या पांढऱ्या उजेडात गल्लीच्या पार टोकाकडून एक बाई चालत येत होती. पदरानं हात पुसत. भुजंगाला क्षणभर काही सुचेना. मग ओळख पटली. टोकाच्या घरातली सरजाबाई. चांगुणाची मैत्रीण.

"भाऊजी, आज उशीर केला की हो," ती लांबूनच म्हणाली. "म्हणलं बरं न्हाई का काय, म्हणून मीच लावला दिवा. एवढी माणसं कामून जमलीत?"

"वहिनी, बंद करा! पळा! माणूस हाय वर!"

तिनं वर पाहिलं. ती वळली आणि तिच्या वयाची बाई जशी कधी धावत नाही तशी धावली. बन्सीधर तिच्यामागं. गल्ली परत काळी होईपर्यंत शिडीखालच्या दोघांनी शिडी सोडली नाही.

सिद्धोधन उतरला, पण शेवटच्या दोन पायऱ्यांवर शिडी सोडेना. भुजंगानं त्याला कमरेला धरून खाली घेतलं आणि गिरणीच्या ओट्यावर बसवलं. बन्सीधरनं तांब्या आणला. सिद्धोधन पाणी प्याला, अर्धं अंगावर सांडलं.

"काका," तो म्हणाला, "एकच बटण हाय म्हणाला होता तुमी."

"मला एकच मालूम होतं."

सरजाबाई भिंतीला धरून उभी होती. "मला काय माहीत कुणी चढलंय ते. मला कुणी सांगितलं न्हाई. अंधारात गिरणीपातूर काही दिसत न्हाई माझ्या दारातून." तिनं भुजंगाकडं पाहिलं. "तुमच्या बाजूची फेज सारखी जायची. मग चांगुणानंच वायरमन बोलवला आन् दुसऱ्या फेजवरून माझ्या भिंतीवर बटण लावून घेतलं. म्हणाली, माझ्याकडून न्हाई लागला तर तू लाव. दोन्ही एकदम लावायचे न्हाईत, एवढं ध्यानात ठेव."

"मला न्हाई बोलली कधी," भुजंग म्हणाला.

"तुमी ड्युटीवर. म्हणायची, दमून येतात, त्यांच्या डोक्याला हे कशाला."

भुजंग तिच्याकडं वळला.

"ती गेल्यावर तुमीच लावत होता."

"मग कोण लावणार? तुमी उठतच नव्हता. रोज बघायची मी, अंधार पडेपर्यंत वाट बघायची. एक दिवस तुमच्याकडून लागला. म्हणलं, उठले वाटतं भाऊजी. मग सोडून दिलं."

योगीराजचा फोन वाजत होता. त्यानं दोनदा कापला, तिसऱ्यांदा उचलला आणि म्हणाला, "न्हाई साहेब, चारच झालेत. पाचवा उद्या. न्हाई, आज न्हाई होणार." मग सिद्धोधनकडं न बघता म्हणाला, "उद्या लाईनमन आल्याशिवाय चढायचं न्हाई. दोन्ही बटणांच्या तारा आधी कापू."

"कापाच," सरजाबाई म्हणाली. "आजच कापा. माझ्या दारात नको ते."

"उद्या, वहिनी," भुजंग म्हणाला. "आता कुणी कशाला हात लावायचा न्हाई."

बायनाबाईला उठवून, काय झालं ते सांगून, तिच्या शिव्या खाऊन तो परत आला. त्या रात्री गल्लीत दिवा लागणार नव्हता. त्यानं बॅटरी घेतली आणि सिद्धोधनला म्हणाला, "चल, सोडतो घरापर्यंत."

"मी काय ल्हान हाय का?"

"चल म्हणलो ना."

बुद्धनगर रस्त्याच्या पलीकडं. सिद्धोधन हळू चालत होता. पाठ आखडली होती.

"लय जोरात मारलं काका."

"हळू मारलं असतं तर वळला नसतास."

"शिवी दिली तुमाला."

"ऐकली."

थोडं पुढं गेल्यावर सिद्धोधन थांबला. "घरी काही बोलू नका. धम्मशीलाचा जीव आधीच खालीवर असतो, खांबाचं काम म्हणून. उगा फिकीर करत बसंल. शिडीवरून पाय घसरला म्हणतो."

बॅटरीचा उजेड पायापुढं धरून भुजंग चालत राहिला. त्याच्या डोक्याला त्रास नको म्हणून चांगुणानं सांगितलं नव्हतं. त्याच्या झोपेची तिला काळजी होती. एका भिंतीवर एक बटण आहे, एवढीच तर गोष्ट होती. एवढी गोष्ट त्याला माहीत असती तर आज हा पोरगा वर चढताना त्यानं "एकच बटण" म्हटलं नसतं. तिच्यावर रागवायला ती नव्हती. आणि रागवावं असं काही तिनं केलंही नव्हतं.

धम्मशीला दारातच उभी होती. आत चुलीवर काहीतरी उतू जात होतं, तिकडं तिचं लक्ष नव्हतं.

"एवढा उशीर? आन् काका कसे सोबत?" तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला. "काय झालं?"

"काही न्हाई," सिद्धोधन म्हणाला. "शिडीवरून जरा..."

"शिडीवरून न्हाई," भुजंग म्हणाला.

सिद्धोधननं त्याच्याकडं पाहिलं. भुजंगानं पाहिलं नाही. त्यानं धम्मशीलाला सगळं सांगितलं. लाईन चालू होती. बटण एकच हाय असं मी म्हणलो होतो. दुसरं निघालं. हा तार हातात धरून उभा होता. मी ढेकूळ मारलं म्हणून तार सुटली, आन् तार सुटली तसा करंट आला. सरजावहिनींची चूक न्हाई. लाईनमन समोर उभा असल्याशिवाय ह्याला चढू देऊ नकोस बाई, कुणी कितीबी घाई केली तरी.

ऐकता ऐकता धम्मशीलानं दाराची चौकट धरली. आतून दूध उतू गेल्याचा वास आला, तरी ती हलली नाही. भुजंगाचं सांगून झालं तेव्हा तिनं नवऱ्याकडं वळून म्हटलं,

"शर्ट काढा."

"आगं, काका उभे हायेत."

"काढा म्हणते ना. पाठ बघू द्या."

भुजंगानं बॅटरी वर धरली. पाठीवर तळहाताएवढी जागा लाल होऊन सुजली होती, मातीचे कण कातड्यात रुतले होते. धम्मशीलानं त्यावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला. सिद्धोधन खाली मान घालून उभा होता. ती रडत होती की नाही ते भुजंगाला दिसलं नाही, कारण त्यानं उजेड तिच्या तोंडावर नेला नाही. पाठीवरच धरून ठेवला.